पाऊस डांगाणात, ऊस देशावर

ग्रामीण अर्थकारणाच्या चर्चेसाठी अकोले तालुक्यात आलेल्या मित्रहो,

स्वागताध्यक्षाने गावाचे गुणगान करावे आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. तेव्हा कळसूबाई, उंची १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर, आमच्या शिवेवर. रतनगड, हरिश्चंद्रगडही इथलेच. गुणगान संपले.

आता हिशेब. तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे डांगाण. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेची गावे त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर भागवतात. वर राब भाजून भाताची आवणी, उतारावर नागली, वरई, खुरासणी; खाली ऊस, कांदा, टोमॅटो. डांगाणातल्या पावसात टिकते ते डांगी जनावर. कातडी तेलकट, पाणी अंगावर ठरत नाही. दूध बेताचे, पण चिखलणीला त्याच्या तोडीचा बैल दाखवा!

प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. अकरा टीएमसी पाणी अडले आणि खाली संगमनेर, श्रीरामपूरकडची शेते भिजली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवराकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याची कहाणी परिषदांमधून आपण पुष्कळ ऐकली आहे. ती ज्या पाण्यावर उभी राहिली ते कुठून आले, हे मात्र ओझरतेच सांगितले जाते. नंतरचे निळवंडे धरणही इथलेच. जमिनी आमच्या बुडाल्या, आणि डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटायला २०२३ उजाडले.

एवढा पाऊस झेलणाऱ्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. कातळावरचे पाणी थांबत नाही, आणि थांबवलेले कालव्याने जाते. भात निघाला की घरोघरची माणसे नारायणगावकडे मजुरीला जातात. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे राखले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता बियाणे आहे, पण पेरणारे हात वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या मळ्यात असतात.

अभ्यासकांनी पाण्याच्या हक्काचा प्रश्न उद्याच्या सत्रात घ्यावा, ही यजमानाची मागणी समजा. दुपारी गाड्या भंडारदऱ्याला जातील. वाटेत एखाद्या वाडीत उतरण्याचीही सोय केली आहे. जेवणात नागलीची भाकरी आहे, सवय नसेल तर जरा बेतानेच घ्या.