पोरांना हिरो शिकवताना
(वस्तीत संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



तुम्ही सगळे वर्ग घेता. कोणी गणित, कोणी इंग्रजी. मीही घेतो. आज एकच गोष्ट बोलायचीय : पोरांना हिरो म्हणजे काय ते कोण शिकवतं? आपण नाही शिकवलं तर पडदा शिकवतोच.

मी वर्गात विचारलं, हिरो कोण? बहुतेक पोरं म्हणाली, एकटा दहा जणांना लोळवतो तो. एक पोरगी म्हणाली, बाबासाहेब. का गं? गप्प. मला त्या दहा जणांना लोळवणाऱ्याची भीती वाटत नाही, पोरं त्याला दोन वर्षांत विसरतात. मला भीती वाटते त्या गप्प बसण्याची. तसबीर टांगली, हार घातला, उदबत्ती लावली, आणि 'का' ते ठाऊकच नाही! असं पोरगं उद्या अन्याय बघून म्हणणार, ते बाबासाहेब होते, आपल्याला कुठं जमतंय? म्हणजे हिरोचा देव केला की आपण घरी बसायला मोकळे.

हे बाबासाहेबांना पुरतं ठाऊक होतं. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी थोर माणूस कोणाला म्हणावं याचीच चिरफाड केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं, की राजकारणात भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ज्यानं हे बजावलं, त्याचेच आपण भक्त तयार करायचे काय?

म्हणून महाड नीट शिकवा. 'बाबासाहेबांनी तळं खुलं केलं' एवढ्यावर उरकू नका. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पाठोपाठ महाड नगरपालिकेनंही ठराव केला. कागदावर चवदार तळं खुलं झालं, तरी १९२७ उजाडेपर्यंत आपल्या माणसाला तिथं ओंजळ बुडवता आली नाही. इथं थांबा. पोरांना विचारा, ठराव होता, मग अडलं कुठं? पोरं बरोबर सांगतात : माराच्या भीतीपाशी.

२० मार्च १९२७. बाबासाहेब पुढं, मागं हजारो माणसं. पाणी प्याले. लगेच गावात आवई उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या निघाल्या. मंडपात जेवत बसलेल्यांची डोकी फुटली. परत निघालेल्यांना वाटेवर गाठून मारलं. उलटा हात उचलू नका, असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि चिडलेल्या माणसांनी ते ऐकलं. मागाहून सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १९३७ साली.

आता पोरांना दोन प्रश्न टाका. कोणाचं काय जाऊ शकत होतं? आणि बरोबर कोण होतं? मग त्यांना दिसायला लागतं. मार खाल्ला त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. परिषदेसाठी राबलेले रा. बा. मोरे दिसतात. हेच मोरे लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या शाळेच्या दारात अडवले गेले होते. पोरं इथं सावरून बसतात, कारण हा त्यांच्याच वयाचा पोरगा आहे.

पोरींना मुक्ता साळवे सांगा. जोतीराव-सावित्रीच्या शाळेतली, मांगाची, चौदा वर्षांची. पेशवाईत मांगमहारांवर काय गुजरलं ते तिनं लिहिलं, आमचा धर्म कोणता असा सवाल टाकला, आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त तो निबंध छापून आला. तिच्याजवळ ना घोडा, ना तलवार. शाळेत शिकलेली अक्षरं होती.

आणि घरचा अभ्यास द्या. आजीला विचारून या, नामांतराच्या लढ्यात आपल्या घरातलं, चाळीतलं कोण होतं? १९७८ ला मराठवाड्यात आपली घरं जळली, पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली वर्षं कोणी काढली? कोण तुरुंगात गेलं, कोणाची नोकरी गेली, मागं चूल कोणी पेटती ठेवली? पोरं वहीत नावं लिहून आणतील. ती वर्गात मोठ्यानं वाचायला लावा, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभं राहून.

मग पुन्हा विचारा, बाबासाहेब हिरो का? या खेपेला ती पोरगी गप्प बसता कामा नये. तेवढं जमलं तर आपला वर्ग चालला म्हणायचा.

जय भीम!