माळ्यावरची चित्रं, संग्रहालयातली चित्रं

गेल्या वर्षी इंदूरला मावशीचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर तिच्या जलरंगातल्या चित्रांची गुंडाळी सापडली. निम्मी वाळवीनं खाल्लेली. ना सही, ना तारीख. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. काही चित्रकार कलेच्या इतिहासात जातात आणि काही माळ्यावर, हे ठरतं कसं?

अमृता शेरगिलचं उदाहरण घेऊ. तिची प्रतिभा विलक्षण होतीच. १९३७ साली तिला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४१ साली, अवघ्या २८व्या वर्षी ती गेली. खरी गंमत त्यानंतरची आहे. १९४४ साली कार्ल खंडालावाला यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. घरच्यांनी तिची चित्रं सरकारला दिली. १९५४ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं, तेव्हा ती चित्रं तिथल्या संग्रहाचा गाभा होती. पुढे १९७२च्या कायद्याखाली ज्या नऊ कलावंतांची चित्रं राष्ट्राचा ठेवा ठरली, त्यात तिचं नाव आलं. त्या नऊ जणांत बाई ती एकटीच. ही चित्रं विकून देशाबाहेर नेता येत नाहीत.

म्हणजे समीक्षक, कुटुंब, संग्रहालय आणि कायदा, असे चार हात तिच्या चित्रांना लागले.

आता अंबिका धुरंधर. वयानं अमृतापेक्षा वर्षभर मोठ्या. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची ही मुलगी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रीतसर शिकली. त्यांनी मराठीत आपल्या आठवणीही लिहिल्या. पण महाराष्ट्राबाहेर किती जणांनी हे नाव ऐकलंय? दोघींची प्रतिभा सारखी होती, असं मी म्हणत नाही. पण तुलना करायची तर दोघींची चित्रं आधी डोळ्यांसमोर हवीत ना?

माझी मावशी मोठी चित्रकार होती का? ते आता कधीच कळणार नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती. घरात कुणी चित्रं काढत असेल, तर प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. फोटो काढून ठेवा. त्यांच्याशी बोलून दोन पानं टिपून ठेवा. इतिहासात कोण जाणार, ते पुढची माणसं ठरवतील. पण चित्र त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे.