फुरसुंगीचा पोरगा कुठे गेला?

आमचा जरीपटका म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली नागपूरची वस्ती. इथल्या कितीतरी घरांत आजी सिंधी बोलते, दुकानात हिंदी चालते आणि मराठी मुलांना भेटते ती शाळेच्या पुस्तकात, मार्कांपुरती. अशा मुलांसाठी मी घरातल्या एका कपाटात गोष्टींची पुस्तके ठेवते. वर्गणी नाही, दंडही नाही. त्या कपाटातले सर्वांत फाटलेले पुस्तक म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे.

भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' मासिक चालवले. पण मुलांनी त्यांना ओळखले ते बनेश फेणेमुळे. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल भन्नाट पळवतो आणि काही अजब दिसले की तोंडाने 'ट्टॉक्' करतो. एखादा मराठी शब्द अडला तरी आमची सिंधी मुले थांबत नाहीत. पुढे काय झाले, याची घाई असते ना!

या फेणेवर 2017 साली चित्रपट आला, तेव्हा माझा आनंद काय सांगू! ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे पाहिलेली आमची पिढी. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ, आणि खुद्द भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. आणखी काय हवे?

चित्रपट वाईट नाही, हे आधीच सांगते. गिरीश कुलकर्णींचा आप्पा अंगावर काटा आणतो. पण गोष्ट कसली, तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा, एका विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू, धमक्या, मारहाण. कॉलेजच्या पोरांना आवडावा असा काळोखा थरारपट. आणि फेणे? तोही वयात आलेला, डॉक्टर व्हायला निघालेला तरुण. नाव तेच, फुरसुंगी तीच, पोरगा मात्र गायब.

त्यानंतर काही दिवसांनी दहा वर्षांची एक मुलगी पुस्तक परत द्यायला आली. म्हणाली, "आंटी, इसमें मर्डर हुआ ही नहीं!" मी हसले. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या मुलाच्या आईने पुस्तक न उघडताच परत पाठवले. पिक्चर पाहिला होता तिने. हे लहान मुलांचे नाही, असा निरोप आला. तिचे तरी काय चुकले? पोस्टरवरचे नाव आणि मुखपृष्ठावरचे नाव एकच.

मुलांच्या गोष्टीत भीती नको, असे माझे म्हणणे नाही. ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेल्या परीकथा आजच्या आईबापांना झोपू देणार नाहीत. भागवतांच्या पुस्तकांतही चोर आहेत, बदमाश आहेत, फेणे चांगलाच अडकतो. पण तो अडकतो कुतूहलाने. नाक खुपसायची खोड! घाबरतो, फजिती होते, आणि तरी डोके चालवतो. वाचणाऱ्या मुलाला वाटते, हे मलाही जमेल. चित्रपटातल्या फेणेला न्याय मिळवायचा आहे. ते मोठ्यांचे काम झाले. दहा वर्षांच्या मुलाने ते फक्त बघायचे, तेही बोटांच्या फटीतून.

तिकडे अमेरिकेतही हेच. 1900 सालच्या 'ओझ'च्या गोष्टीतली साधी डोरोथी 2014 मधल्या 'डोरोथी मस्ट डाय' या किशोर-कादंबरीत चक्क जुलमी राणी झाली. लहानपणी आवडलेली गोष्ट आपल्याबरोबर मोठी व्हावी, असे वाचकांना वाटत असेल. वाटू दे. डोरोथीचे फार बिघडत नाही. तिची मूळ गोष्ट जगभर पुन्हापुन्हा छापली जाते, तिच्यावरचा रंगीत चित्रपट 1939 पासून मुले पाहत आली आहेत. आपल्याकडे मराठी बालसाहित्यावर चित्रपट निघतात किती? एखादाच. तो एकही पंचविशीतल्यांनी पळवला, तर पाचवी-सहावीच्या मुलांनी जायचे कुठे?

फेणेच्या पुस्तकांचा वीसचा संच आहे. त्यात प्रतापगड आहे, काश्मीर आहे. कुणा निर्मात्याच्या मनात पुन्हा आलेच, तर एवढेच सांगणे: या वेळी बारा वर्षांचा मुलगा शोधा. सायकल चालवता आली म्हणजे झाले. आमच्या जरीपटक्यातून तिकिटे काढायला मी स्वतः वीस मुले घेऊन येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)