मानेचे दुखणे आणि भौतिकोपचार

माणसाच्या मस्तकाचे वजन साधारणपणे ४ ते ५ किलो असते. हा भार मानेतील ७ मणके, त्यांमधील चकत्या आणि सभोवारचे स्नायू दिवसभर पेलत असतात. मस्तक पुढे झुकले की तो ताण झपाट्याने वाढतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अनुमानानुसार, मान ६० अंश झुकली असता तिच्यावरील ताण सुमारे २७ किलोंइतका होतो. शिवणयंत्रावरचा शिंपी, वहीवर वाकलेला कारकून आणि मोबाइलमध्ये गढलेला विद्यार्थी या सर्वांची मान म्हणूनच सारखीच तक्रार करते.

तक्रार सुरू झाली की पुष्कळ लोक मान जखडून ठेवतात. अपघातानंतर किंवा विशिष्ट आजारात डॉक्टर मानेला पट्टा लावतात, ते योग्यच होय. परंतु साध्या दुखण्यासाठी तो महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंमुळे मान पुन्हा दुखते आणि पुन्हा पट्ट्याची आठवण होते. हे चक्र तोडणे हेच भौतिकोपचाराचे खरे कार्य आहे.

त्यासाठी प्रथम वेदना शमवावी लागते. पंधरा-वीस मिनिटांच्या कोमट शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना मंदावली आहे, त्यांनी मात्र भाजणार नाही याची दक्षता घ्यावी. हलके मर्दन किंवा निवडक रुग्णांना तज्ज्ञाने दिलेला ताण यांचाही उपयोग होतो. तथापि, हे उपचार म्हणजे केवळ पूर्वतयारी. टिकाऊ आराम मिळतो तो व्यायामाने.

हा व्यायाम अगदी साधा आहे. तळहात कपाळावर टेकवावा, मस्तक पुढे रेटावे आणि हाताने ते अडवावे. मान जराही हलू देऊ नये. पाच-सहा अंक मोजून सैल सोडावे. हीच क्रिया मागे आणि दोन्ही बाजूंना, प्रत्येकी दहा वेळा करावी. वेदना वाढल्यास थांबावे. खांद्यांचे स्नायूही बळकट करावेत आणि बैठे काम करणाऱ्याने अर्ध्या तासाने एकदा तरी उठावे.

केशकर्तनालयात मान झटक्याने मोडून घेण्याची प्रथा मात्र सोडलीच पाहिजे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. अशा झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत.

हातात बधिरता वा दुबळेपणा येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, मानदुखीबरोबर ताप येणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम सुरू न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. इतरांच्या बाबतीत मात्र मानेला दीर्घ विश्रांतीची नव्हे, तर नेमक्या आणि नियमित हालचालीची गरज असते. शेक कोणीही देऊ शकेल. व्यायाम मात्र ज्याचा त्यानेच केला पाहिजे.