कान गेला तो कोणाच्या खात्यांत मांडावा ?

(पेडगांव येथें जिनिंगच्या मजूर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण.)



आम्ही शाळामास्तर. यंदा एक मजूर बाप मुलीची कविता ऐकावयास शाळेंत आला. मुलीनें ती खणखणीत म्हटली, बाप हंसून मान डोलवीत राहिला, आणि जातांना आम्हांस हळूच विचारूं लागला, “गुरुजी, पोरगी काय म्हणाली?” पोरें त्यास बहिरट म्हणून चिडवितात. तो जन्मतः बहिरा नव्हता; कित्येक हंगाम त्यानें जिनावर काढिले.

यंत्रांत बोट गेलें तर रक्त दिसतें, चार माणसें धांवतात. कान जातो तेव्हां रक्त निघत नाहीं. कानाच्या आंत शंखासारखा वेटोळा भाग आहे. त्यांतील बारीक केंसाळ पेशी ध्वनि टिपतात. रोजच्या गोंगाटानें त्या मरतात, व मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. आरंभीं आवाज ऐकूं येतो, पण शब्द उमजत नाहीं, हीच खूण.

जळगांवच्या जिनिंग कारखान्यांतील मोजणी 2011 सालीं प्रसिद्ध झाली. आवाज 89 ते 106 डेसिबल भरला. कारखाना-नियमांनीं तर आठ तासांस 90 ची सीमा घातली होती. हातभर अंतरावरच्या माणसाशीं ओरडून बोलावें लागलें, कीं कानास धोका आहे असें समजावें.

हाताशीं कापूस आहे म्हणून कित्येक जण त्याचाच बोळा कोंबतात. त्यानें आवाज फारसा अडत नाहीं. फोमचें बूच घ्यावें. धुतलेल्या हातांनीं वळून बारीक करावें, कान वर ओढून आंत सारावें, व फुगेपर्यंत धरून ठेवावें. परंतु बूच हा शेवटचा उपाय. ढिले पत्रे आवळणें, बेअरिंगला वंगण देणें, गोंगाटाच्या जागीं माणसें पाळीपाळीनें बदलणें व दरसाल कान तपासणें, हें मालकाचें काम आहे.

गोंगाटाच्या बहिरेपणाची नोंद 1948 च्या कारखाना कायद्यांत रोग म्हणून होती. 2020 च्या संहितेंतहि आहे. मग त्यास दैव कां म्हणावें ?

एकट्यानें मागितलें तर मुकादम दुसरा माणूस आणील, ही भीति खरी आहे. म्हणून सर्वांनीं मिळून मागा. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांस एकत्र केलें, तेव्हां 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली.

त्या बापाचा गेलेला कान आतां परत येणार नाहीं. तुमचे अजून शाबूत आहेत. हंगाम लागण्यापूर्वींच बोला.