रापण एकट्याने ओढता येत नाही



१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाची पायाभरणी केली, त्याचेच नाव या जिल्ह्यास लाभले. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस सुमारे १२१ किलोमीटरचा सागरकिनारा. मधली पट्टी इतकी चिंचोळी की, डोंगरात उगम पावलेली नदी अल्प अंतरातच समुद्रास मिळते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, त्याचे कारण हेच.

या भूगोलानेच येथील समाजजीवन घडविले. जांभ्या दगडाचे सडे आणि त्यांच्या कुशीतील भातशेतीचे मळे, यांमुळे गाव एका जागी वसत नाही. तो वाड्यावाड्यांत विखुरतो. या विखुरलेल्या वाड्यांना ग्रामदेवतेची जत्रा आणि दशावतारी नाटक एकत्र आणतात. पावसाळा संपताच ओहोळावर कच्चा बांध घालायचा, तर तोही सामुदायिक श्रमानेच. किनाऱ्यावरील रापण हे तर सहकार्याचे मूर्तिमंत उदाहरण. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे करायचे. कोणीही कितीही बलवान असो, रापण एकट्याने ओढता येत नाही!

आज प्रश्न आहे तो दोर ओढणाऱ्या हातांचा. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. दशकभरात एकोणीस हजारांची घट! दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा आकडाही पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या कर्त्या पुरुषांचीच कथा सांगतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. प्रवास सुकर झाला. परंतु सोयीची वाट गावाकडे आणते, तशीच गावापासून दूरही नेते.

येथे बसलेल्या अनेकांची घरे त्या वाड्यांत आहेत. ती गणेशचतुर्थीला उघडतात आणि विसर्जनानंतर त्यांना पुन्हा कुलूप लागते. उत्सवाला जाणे हे प्रेमाचे लक्षण खरेच. पण गाव उत्सवावर नव्हे, श्रमावर टिकतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. गणपतीप्रमाणेच पावसाळ्यानंतरचे दोन दिवसही गावासाठी राखून ठेवा आणि वाडीच्या बांधावर चार दगड आपल्या हातांनी रचा. वैशाखात विहिरीला पाणी राहिले, तर वाडी राहील. आणि वाडी राहिली, तरच आपल्या घराचे दार उघडण्यात अर्थ राहील.