दागिन्यावरील ठसा

दागिना घेतांना आपण नक्षी पाहतों, घडणावळ विचारतों, वजनाच्या कांट्याकडे डोळे लावून बसतों. सोनें किती शुद्ध, हा प्रश्न बहुधा तो मोडावयाची वेळ आली म्हणजेच निघतो. आमच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं मोठें दुखणें आलें आणि आईच्या पाटल्या बाहेर काढाव्या लागल्या. वजन ४० ग्रॅम भरलें. आंतल्या अंगास ९१६ हा आंकडा स्पष्ट ठोकलेला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. सराफानें कसोटीवर कस लावला, मग यंत्रावर तपासून पाहिलें, आणि हलक्या आवाजांत सांगितलें कीं सोनें १८ कॅरटचें आहे.

शुद्ध सोन्याचे २४ भाग मानिले तर २२ कॅरट म्हणजे त्यांतील २२ भाग. हजारांत मोजल्यास ९१६. अठरा कॅरट म्हणजे हजारांत ७५०. त्या हिशेबानें पाटल्यांत ३६.६४ ग्रॅम शुद्ध सोनें असावयास हवें होतें. निघालें ३० ग्रॅम. अर्ध्या तोळ्याहून अधिक सोनें त्यांत कधीं नव्हतेंच, पैसे मात्र पुरे दिलेले होते.

सोन्यांत तांबें-रुपें मिसळणें ही लबाडी नव्हे. निखळ सोनें इतकें मऊ कीं त्याची बांगडी चार दिवसांत वांकेल. चौदा कॅरटचा दागिना चौदाचा म्हणून विकला तर तो खराच; खोटा असतो तो आंकडा. आणि नुसता ९१६ कोणीहि ठोकूं शकतो. तीच गोष्ट जुन्या दागिन्यांवरील 'केडीएम' या अक्षरांची. कॅडमियमच्या डाकानें जोड दिला आहे एवढाच त्यांचा अर्थ. पण कित्येक घरांत तीं शुद्धतेची ग्वाही समजलीं गेलीं. त्या कॅडमियमचा धूर मात्र कारागिराच्या छातींत जात असे.

मग विश्वास कशावर ठेवावा? ज्याला विकावयाचें नाहीं त्यानें तपासलेल्या सोन्यावर. लंडनमध्यें १४७८ पासून जिन्नस सोनारसंघाच्या सभागृहांत, म्हणजे हॉलमध्यें, तपासणीस न्यावे लागूं लागले; 'हॉलमार्क' शब्द त्यावरून आला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें ही पद्धत २००० सालीं सुरू केली. सक्ति झाली ती १६ जून २०२१ पासून, प्रथम २५६ जिल्ह्यांत. तपासणी-केंद्रांत क्ष-किरणांनीं पाहतातच, पण निर्णायक ठरते ती अग्निपरीक्षा, आणि येथें हा शब्द अक्षरशः खरा आहे. नमुन्याचा कण रुपें व शिसें घालून भट्टींत तापवितात. हीण मुशींत शोषलें जातें, रुपें नत्राम्लांत विरतें, उरलेलें सोनें तोलतात.

आज ठशांत तीन गोष्टी लागतात: ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ यासारखा शुद्धतेचा आंकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. या क्रमांकावांचून हॉलमार्कचा दागिना विकण्यास १ एप्रिल २०२३ पासून मनाई आहे. अक्षरें बारीक असतात. दुकानांत भिंग मागावें, संकोच करूं नये. क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल-ॲपवर घातला म्हणजे जिन्नस कोणता व शुद्धता किती तें दिसतें. तेथें आंगठी लिहिलेली असून हातांत मंगळसूत्र असेल, तर तें परत ठेवावें. दोन ग्रॅमच्या आंतील जिनसांस, नाकांतल्या चमकीसारख्या, आणि कुंदन-जडावाच्या कामास सक्तींतून सूट आहे. तेथें पावतीवरच भिस्त.

घरचें जुनें, बिनठशाचें सोनें बाळगण्यांत किंवा विकण्यांत कांहीं गुन्हा नाहीं. तेंहि केंद्रांत तपासून घेतां येतें. हॉलमार्कचें सोनें मात्र ठशाहून हलकें निघालें, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकास आहे. त्यासाठीं पावती हवी.

आईच्या पाटल्यांवर त्रिकोण नव्हता, क्रमांकहि नव्हता. पावतीसाठीं आम्हीं कपाट उलथेंपालथें केलें. अखेर तीच म्हणाली, "पावती मीं घेतलीच नव्हती. इतक्या ओळखीच्या माणसाकडे मागणें बरें दिसलें नसतें."